बंद कूलरच्या मॅडम

आमच्या मॅडम कुणाला नमस्कार करत नसत. समोरच्याने हात जोडले की त्यातला एक हात सोडवून घ्यायच्या, मनगट धरायच्या, मान तिरपी करायच्या आणि नाडी बघत उभ्या राहायच्या. मग तो झेरॉक्सवाला असो नाहीतर परीक्षेला बाहेरगावाहून आलेले पाहुणे असोत. तो माणूस बिचारा अवघडून उभा राहायचा. थोड्या वेळानं मनगट सोडून त्या म्हणायच्या, "चालू आहे." झाला नमस्कार.

मी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट जरा जास्तच वेळ धरलं. समोर तिघेजण फायली उघडून बसलेले, आणि या टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ येऊन उभ्या. "इतकी काहून भेऊन राहिली वं? मी काही खात नाही तुले," असं म्हणून त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या आणि मला त्यांनी एकच प्रश्न विचारला. तुमच्या शेतात जवस पेरतात का? आमचं गाव उमरेडकडचं. गव्हाच्या कडेनं जवसाच्या ओळी असायच्याच. मी हो म्हटलं आणि मला प्रवेश मिळाला. बाकीच्यांनी पुढे काय काय विचारलं ते मला आठवत नाही. मॅडमनी ते ऐकलंही नसावं, त्या खिडकीबाहेर बघत टेबलावर माझ्या नाडीचा ठेका वाजवत होत्या.

दिसायला त्या कुणाच्याही मावशी वाटाव्यात अशा. सुती साडी, त्याखाली कॅनव्हासचे पांढरे बूट, वरून अ‍ॅप्रन, आणि त्या अ‍ॅप्रनच्या खिशात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत एक कांदा. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. मॅडम शरीरशास्त्र शिकवायच्या. कांद्यानं ऊन लागायचं थांबत नाही हे त्यांना माहीत होतं आणि वर्गात त्या ते सांगायच्याही. एका धीट पोरानं मग विचारलंच, की मॅडम, तुमच्या खिशात काय आहे. त्या म्हणाल्या, "हा कांदा शास्त्राचा नाही, माझ्या मायचा आहे." वर्ग हसला, त्याही हसल्या, आणि कांदा खिशात राहिला.

त्यांचा सगळा जीव मात्र एकाच गोष्टीत होता. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत अतिशय बारीक दारं असतात. एका दारातून सोडियम आत येतं, दुसऱ्यातून कॅल्शियम येतं, तिसऱ्यातून पोटॅशियम बाहेर जातं. ही दारं ठरलेल्या क्रमानं उघडली आणि मिटली की पेशी आकसते, सैल होते आणि ठोका पडतो. क्रम बिघडला की ठोका बिघडतो. जवसाच्या तेलात एक मेदाम्ल असतं, ते या दारांशी काय करतं, हे मॅडम आयुष्यभर बघत होत्या. कुणी म्हणालं की अच्छा, म्हणजे बिजागरीला तेल घातल्यासारखं, तर त्या चिडायच्या. "उलटं आहे बाप्पा. बिजागरीले तेल देल्लं तं दार झटकन उघडते. इथं तेल लागलं का दार मिटल्यावर जरा मिटूनच राहते. कोणी उगाच धक्का देल्ला तं उघडत नाही. म्हणून तं भलत्या वेळी ठोका पडत नाही." हे त्या भाजीवालीलाही सांगायच्या. भाजीवाली मन लावून ऐकायची आणि कोथिंबीर जास्त द्यायची.

पेशी आम्ही उंदराच्या नवजात पिल्लाच्या हृदयातून घेत असू. ज्या दिवशी पिल्लू घ्यावं लागे त्या दिवशी मॅडम संध्याकाळपर्यंत काही खात नसत. विचारलं तर म्हणत, पोट ठीक नाही. दोन दिवसांनी काचेच्या डिशमधल्या त्या पेशी आपल्या आपण धडधडायला लागत. शरीर नाही, रक्त नाही, मेंदू नाही, आणि पेशी आपली लुकलुक, लुकलुक. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते बघितलं तेव्हा मला डोळा काढवेना. मॅडमनी तोवर ते हजार वेळा तरी बघितलं असेल, पण मला बाजूला सारून त्या स्वतः बघायला बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. "याइले कोणी सांगतलं, चाला म्हणून? कोणीच नाही. आपल्या मनानं चालून राहिल्या," असं त्या स्वतःशीच म्हणत होत्या. मी मागे उभी राहून वाट बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की उगीचच आईला फोन करावासा वाटला. जेवणाच्या सुट्टीत मी तो केलाही.

मग त्या पेशीला एक औषध द्यायचं. त्यानं तिचे ठोके वेडेवाकडे पडायला लागत. एक आता, दोन लगेच, मग बराच वेळ काही नाही. याला मॅडमचा शब्द होता "बावचळली". मग औषध चालूच ठेवून वरून आधी तुलनेसाठी साधं द्रावण सोडायचं, मग जवसाचं मेदाम्ल घातलेलं द्रावण सोडायचं, आणि ती शांत होते का ते बघायचं. पेशीच्या अंगाला केसाहून बारीक काचेची सुई चिकटवलेली असे. दारांतून जाणारी-येणारी वीज त्या सुईतून पडद्यावर दिसे.

ही सुई म्हणजे महानाजूक काम. कुणी दार आपटलं तरी ती निसटायची. म्हणून मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली कडप्प्याची जाड फरशी घातली होती आणि फरशीखाली सायकलच्या हवा भरलेल्या ट्यूबा. बाहेरची वीज सुईत शिरू नये म्हणून सभोवती जाळीचा पिंजरा. ती जाळी त्यांनी कोंबड्यांची खुराडी करणाऱ्याकडून आणली होती. परदेशी पाहुणे आले तर विभागप्रमुख त्यांना ही खोली दाखवायचं टाळत. विभागप्रमुख एके काळचे मॅडमचेच विद्यार्थी. स्वभावानं नीटनेटके. त्यांना त्या ट्यूबांची फार लाज वाटायची.

आणि कूलर. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय माणूस बसू शकतो, ही कल्पना फक्त आमच्या मॅडमना सुचू शकते. कूलरची मोटर खिडकी हलवते, खिडकी भिंत हलवते, आणि वरून तिची घरघर पडद्यावर उमटते. म्हणून सुई लावली की कूलर बंद. नुसता आमच्या खोलीतला नाही, त्या मजल्यावरचे सगळे. प्रयोगाची वेळही त्यांनी अशी निवडली होती की ऐकणाऱ्याला वाटावं बाईंचं डोकं फिरलंय. भर दुपार. पण त्यात हिशेब होता. मे महिन्यात जेवणानंतर आमच्या शहरातले रस्ते ओस पडतात. ट्रक नाही, ऑटो नाही, कुत्रंसुद्धा नाही. त्या वेळी जमीन जितकी स्थिर असते तितकी पहाटेसुद्धा नसते.

एक वाजला की मॅडम थंडगार मठ्ठ्याचा जग आणि ग्लास घेऊन मजलाभर फिरायच्या. प्रत्येक खोलीत जायच्या, मठ्ठा द्यायच्या आणि जाता जाता स्वतःच्या हातानं कूलरचं बटण बंद करायच्या. लोक मठ्ठा पिऊन संपेपर्यंत त्यांना कळायचं नाही, आणि कळल्यावर ग्लास हातात असल्यामुळे भांडता यायचं नाही. विभागप्रमुखांनी एकदा आतून कडी लावून घेतली. मॅडमनी बाहेरून त्यांच्या खोलीचा मेन स्विच पाडला आणि दाराच्या फटीशी वाकून शांतपणे सांगितलं, की मठ्ठा बाहेर ठेवला आहे.

खोलीतलं तापमान मग असं चढायचं की काही विचारू नका. जगभरातल्या प्रयोगशाळांत पेशीला अंगाइतकी ऊब मिळावी म्हणून डिश गरम करतात. आम्ही मे महिन्यात बर्फ लावून ती थंड करत होतो. एका परिषदेत मी हे सांगितलं तर लोकांना तो विनोद वाटला.

मॅडमचा आणखी एक रिवाज होता. प्रयोग जमला तर अर्धा कप चहा. प्रयोग फसला तर संत्रा बर्फी, आणि तीही सगळ्या विभागाला. सुरुवातीला माझ्या साऱ्या डिशमध्ये बुरशी आली, महिनाभराची मेहनत गेली, आणि मी जिन्यात बसून रडत होते. मॅडम बर्फीचा डबा घेऊन खाली आल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मला वाटलं, समजूत काढायला आल्या. पण त्या खरंच खुशीत होत्या. म्हणाल्या, "आज एक खोटं पकडलं आपण. तू हात धुतले म्हणत होती, आन् ते हात धुतलेले नव्हते. आता हे खोटं पुन्हा नाही येत." मला राग आला होता, तरी मी बर्फी खाल्ली. चांगली होती. पुढे मग विभागात असं झालं, की बर्फी आली की लोक तोंडात टाकता टाकता माझ्याकडे दयेनं बघायचे.

वर्तमानपत्रात एकदा आमच्या कामाची चार ओळींची बातमी आली आणि त्यानंतर गांधीबागेकडून एक तेलवाले काका आले. घाण्याचं तेल विकणारे. गोरेपान, सफारी घातलेले, सोबत जवसाच्या तेलाची बाटली. बाटलीवर मॅडमचा फोटो छापायची त्यांना परवानगी हवी होती. त्यांनी हात जोडले, मॅडमनी मनगट धरलं. आणि या वेळी त्या "चालू आहे" म्हणाल्या नाहीत. त्यांनी दुसरंही मनगट धरलं, मग स्टेथोस्कोप लावला, मग विचारलं की गोळी कोणती घेता. काका फुशारकीनं म्हणाले, की गोळी मागच्या दिवाळीपासून बंद आहे, आता रोज सकाळी गिलासभर जवसाचं तेल, तुमच्याच कृपेनं.

मॅडमनी त्यांना त्यांच्याच गाडीत बसवलं. मीही सोबत होते. धंतोलीपर्यंत त्या काकांना झापत होत्या. म्हणाल्या, "डिशमधल्या पेशीले पोट नाही, लिव्हर नाही, सुना नाही. तिले थेंबातला थेंब देतो आम्ही. तुम्ही गिलासभर पेता? जास्त झालं तं हेच तेल एखाद्याचा ठेका बिघडवते बी." काका हळू आवाजात म्हणाले, की पण मॅडम, जवस तर चांगला ना. "चांगलाच आहे. तेल भाकरीवर घ्या, गोळी पाण्यासंगं घ्या. दोघाइची अदलाबदल करू नका." धंतोलीतल्या हृदयाच्या डॉक्टरांनी काकांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. काका बरे झाले. फोटो काही छापला गेला नाही.

मॅडम ज्या वर्षी निवृत्त होणार होत्या त्याच वर्षी माझा प्रबंध द्यायचा होता. मॅडमचा शेवटचा दिवस मे अखेरचा. त्यानंतर आमची खोली जाणार होती. तिथं मोठ्या पडद्याचा वर्ग करायचं ठरलं होतं, आणि पिंजरा, फरशी, ट्यूबा भंगारात. मला अमरावतीच्या एका कॉलेजात नोकरी मिळत होती, पण प्रबंध दिला असेल तरच. घरी आईबाबांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी प्राध्यापक झाली. दोन वर्षांचे निकाल माझ्याकडे होते आणि ते सुरेख होते. जवसाचं मेदाम्ल दिलं की बावचळलेली पेशी शांत होत होती. लिहायचं तेवढं बाकी होतं.

फक्त एक गोष्ट होती, जिच्याकडे आम्ही कधी नीट बघितलं नव्हतं. अधूनमधून काही डिश अशा निघत, की पेशीला बावचळवायचं औषध दिलं, वरून साधं द्रावण सोडलं, आणि मेदाम्ल द्यायच्या आधीच ती शांत. आम्ही त्यांना "गुणी पेशी" म्हणायचो आणि बाजूला ठेवायचो. जी बिघडलेलीच राहत नाही तिला सुधारणार काय, असा आमचा विचार. त्या वर्षी एप्रिलमध्ये एके दिवशी मी सकाळपासून बसले आणि जी डिश घेतली ती गुणी निघाली. एकूण एक. मी मॅडमना तसं सांगितलं.

मॅडम तेव्हा डबा खात होत्या. त्यांचा घास हातात तसाच राहिला. "साऱ्याच गुणी? असा वर्ग पाह्यला का कधी तू?"

मग त्या उठल्या आणि खिडकीशी गेल्या. खिडकीत एक दोरी होती. त्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी प्लास्टिकच्या नळ्या वाळत घातलेल्या असत. द्रावण याच नळ्यांतून पेशीवर जायचं. एकदा वापरलेली नळी टाकून द्यायची असते, हे त्या नळीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. पण मॅडमच्या राज्यात काही टाकून द्यायचं नसे. नळ्या शुद्ध पाण्यानं दहा वेळा धुवायच्या आणि वाळवायच्या, हा त्यांचाच नियम. कुठली नळी काल तेलाला वापरली होती आणि कुठली साध्या द्रावणाला, ते दोरीवर कुणाला ओळखू येणार. मॅडमनी एक नळी काढली, हुंगली, मला हुंगायला दिली. मग त्यांनी आपला प्लास्टिकचा डबा नळाखाली खळखळून धुतला आणि तोही माझ्या नाकाशी धरला. त्यात जवसाची चटणी होती. धुतल्यावरही वास तसाच होता.

"लेकराले तेल लावलं का आंघोळीले डाळीचं पीठ काहून लावते?" त्यांनी विचारलं.

तेल निघावं म्हणून, असं मी म्हणाले. आणि आपण नळ्या कशानं धुतो, असं त्यांनी विचारलं. पाण्यानं, असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला उमगलं. नळ्यांना आतून मेदाम्ल चिकटून राहत होतं. साधं द्रावण म्हणून आम्ही जे देत होतो ते साधं नव्हतंच. गुणी पेशी गुणी नव्हत्या. आणि मग ज्या पेशी आमच्या मते तेलानं शांत झाल्या, त्या खरंच त्याच वेळच्या तेलानं झाल्या, की नळीतल्या शिळ्या तेलानं, की आपल्या आपणच, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. दोन वर्षं गेली होती.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. पदरानं डोळे पुसत हसत राहिल्या. "माह्या कंजूसपणानं केलं वं सारं. दोन वर्षं एक नळी आपल्याले उल्लू बनवून राहिली." आणि खरोखर सांगते, त्या तशाच उन्हात गेल्या आणि बर्फीचा भला मोठा डबा घेऊन आल्या. त्या दिवशी मी बर्फीला हात लावला नाही. मॅडमनी आपली खाऊन माझीही खाल्ली आणि मग डबा बंद करून त्या कामाला लागल्या.

सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. नव्या नळ्या आल्या, प्रत्येक प्रयोगाला कोऱ्या. आणि एक पायरी वाढली. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते मेदाम्लाला धरून वाहून नेतं, म्हणजे डाळीच्या पिठाचं काम करतं. मॅडमचं म्हणणं असं, की तेल देऊन पेशी शांत झाली एवढं पुरेसं नाही. त्या प्रथिनानं तेल काढून घ्यायचं आणि मग तीच पेशी पुन्हा बावचळली पाहिजे. तर ते तेलाचं काम. नाही बावचळली, तर ती आपल्या आपण शांत झाली आणि आपण दोन वर्षं जवसाच्या नावानं टाळ कुटले. एका पेशीवर, सुई न निसटता, औषध, साधं द्रावण, तेल आणि प्रथिन अशा चारही पायऱ्यांची एक सलग नोंद हवी होती. तशी एक हातात असती, तर बाकीच्या मी हैदराबादला जाऊन केल्या असत्या. मॅडमच्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी आपलं यंत्र द्यायचं कबूल केलं होतं. पण एकही नोंद नसताना ते मला दारात तरी कशाला उभं करतील.

मे महिना सुरू झाला. मठ्ठ्याचे जग फिरू लागले, कूलर बंद होऊ लागले. पहिल्या दोन पायऱ्या मिळायला लागल्या. नव्या नळीतून आलेल्या साध्या द्रावणानं पेशी शांत होत नव्हती, बावचळलेलीच राहत होती. गुणी पेशी एकही निघाली नाही. मग तिसरीही पायरी मिळाली, तेल दिलं की शांत. पण चौथ्या पायरीपर्यंत पेशी टिकेना. कधी बर्फ कमी पडून ती मरायची, कधी खालच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवायचं आणि सुई निसटायची. मी रोज संध्याकाळी नंदनवन भागातल्या माझ्या खोलीवर जाऊन अंगावर पाणी घेऊन पंख्याखाली पडायचे आणि नोकरी गेली असं धरून चालायचे. मॅडम मात्र रोज नव्या उत्साहानं यायच्या, जशा काही पहिल्यांदाच येत आहेत.

मेचा शेवटचा दिवस उजाडला. चार वाजता सभागृहात मॅडमचा निरोप समारंभ होता. विभागप्रमुखांनी स्वतः लक्ष घालून सगळं केलं होतं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, मागे मॅडमच्या नावाचा फलक. सकाळीच ते येऊन मॅडमना सांगून गेले होते, की आज तरी वेळेवर या. मॅडम हो म्हणाल्या होत्या. दोन वाजता आम्ही शेवटची डिश घेतली. सुई लागली ती अशी घट्ट लागली, की पूर्ण मे महिन्यात तशी लागली नव्हती. औषध दिलं, बावचळली. साधं द्रावण सोडलं, बावचळलेलीच. मग नळी बदलून तेल सुरू केलं, आणि ते हळूहळू चढेपर्यंत चार वाजून गेले.

दारात विभागप्रमुख उभे. कपाळावर आठ्या, हातात घड्याळ. "मॅडम, सारे लोक येऊन बसले," असं ते म्हणाले आणि पुढे काही बोलणार, तेवढ्यात मॅडमनी पाठमोऱ्याच तोंडावर बोट ठेवलं. विभागप्रमुखांनी पडद्याकडे बघितलं. सरळ, सारख्या अंतरावरचे ठोके पडत होते. ते काय आहे हे त्यांना कळत होतं. शेवटी त्यांनाही हे याच खोलीत शिकवलं होतं. ते मागच्या पावली गेले. मला वाटलं, रागावून गेले.

थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरचेही कूलर एकामागून एक बंद होताना ऐकू आले. आणि मग सगळा विभाग आला. चपला-बूट जिन्याशी काढून, अनवाणी, एकमेकांच्या खांद्याला धरून. खोलीत मावले तेवढे आत, बाकीचे दारात आणि व्हरांड्यात. कुणी खोकलं नाही. घाम टपटप गळत होता. विभागप्रमुख पुढे झाले आणि त्यांनी अगदी हलक्या हातानं, पडद्यावरची मॅडमची नजर न हलवता, त्यांच्या खांद्यावर ती लोकरीची शाल घातली. त्या उकाड्यात. मॅडमना कळलंसुद्धा नसावं. नारळ त्यांनी खाली जमिनीवर ठेवला, आवाज होऊ नये म्हणून रुमालावर. मग खिशातून भाषणाचा कागद काढला, कुजबुजत दोन वाक्यं वाचली, आणि कागद परत खिशात ठेवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. टाळी वाजली असती तर सुई गेली असती.

"सोड," मॅडम मला म्हणाल्या.

मी प्रथिनाच्या नळीची कळ फिरवली. आता तेल निघत होतं. पडद्यावर ठोके पडत होते, सरळ, शिस्तीत. पुन्हा सरळ. पुन्हा सरळ. इतकी शहाणी पेशी मी आयुष्यात बघितली नव्हती आणि इतका राग मला कुणाचा आला नव्हता. मी मनात म्हणत होते, बिघड, बाई बिघड, एकदा बिघड. माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाला काय व्हायला हवं आहे ते नीट माहीत नव्हतं, पण सगळे श्वास धरून होते. मॅडमच्या हनुवटीवरून घामाचा थेंब शालीवर पडला.

मग एक ठोका लवकर पडला. मी डोळे चोळले. पुन्हा दोन नीट पडले, आणि मग दोन एकत्र, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि मग धाड धाड धाड, कशाला काही धरबंध नाही.

विभागप्रमुखांनी घाबरून माझ्या कानाशी विचारलं, "बिघडलं का?"

"बिघडलं," मॅडमच म्हणाल्या. "लय मस्त बिघडलं."

त्यांनी मला नोंद जतन करायला सांगितली. मी केली. झाली का, असं त्यांनी विचारलं. मी झाली म्हणाले, तर पुन्हा बघ म्हणाल्या. मी पुन्हा बघितलं, होती, औषधापासून पुन्हा बावचळण्यापर्यंत चारही पायऱ्या, कुठेही न तुटता. तेव्हा कुठे मॅडम स्टुलावरून उठल्या, लोकांकडे वळल्या, आणि आपल्या अंगावर शाल आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. त्यांनी ती सारखी केली. समोर सगळे अनवाणी, घामानं निथळत, हात एकमेकांपासून दूर धरून उभे.

"हं," मॅडम म्हणाल्या, "आता वाजवा."

अशा टाळ्या मी पुन्हा कधी ऐकल्या नाहीत. व्हरांड्यातून, जिन्यावरून, खिडक्या थरथरेपर्यंत. फरशी हलली, ट्यूबा हलल्या, सुई निसटली आणि पडद्यावरची रेघ सपाट झाली. मॅडमनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.